कोतवालीपासून आयुक्तालयापर्यंत: शहराचं पोलीस खातं कसं उभं राहिलं

नांदेडला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलंय, "काका, नांदेडला पोलीस आयुक्तालय पाहिजे असं अधूनमधून ऐकू येतं. औरंगाबादला ते १९९१ साली झालं तेव्हा नेमकं काय बदललं? नुसत्या पाट्या बदलल्या का? आणि त्याआधी, निजामाच्या काळापासून, शहराचं पोलीस खातं उभं कसं राहिलं?"

काका म्हटलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करतो. नाशिकचं प्रशिक्षण संपवून मी १९८३ साली फौजदार म्हणून मराठवाड्यात रुजू झालो. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं औरंगाबादमध्येच गेली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालो. शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालंय. ज्या काळाचं सांगतोय त्या काळचं नाव ओघात येईल.

परीक्षेच्या पुस्तकांत पोलीस खात्याची प्रगती म्हणजे जीप, वायरलेस, संगणक, कॅमेरे अशी ओळीने लिहिलेली असते. तसं पाठ करू नकोस. दोन गोष्टींवर बोट ठेवून चाल: हुकूम कोणाच्या सहीने निघतो, आणि घडलेली गोष्ट कुठे लिहिली जाते व ती पुढे कोण वाचतो. या दोन्ही जागच्या जागी असल्या की साधनं कामाला येतात.

मुळापासून बघू. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तिचं पुढे औरंगाबाद झालं. मुघलांच्या शहरात कोतवाल असायचा. 'आईन-ए-अकबरी'त त्याची कामं दिली आहेत: घरांची आणि रहदारीची नोंदवही ठेवायची, शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकाला एक प्रमुख नेमायचा, सराईत उतरलेल्या परक्या माणसावर नजर ठेवायची, वजनमापं तपासायची, रात्रीचा पहारा लावायचा. आज आपण बीट, भाडेकरूंची माहिती, लॉजची तपासणी आणि रात्रगस्त म्हणतो ते हेच. फरक इतकाच की कोतवाल एका माणसाच्या मर्जीवर चालायचा, आणि तो बदलला की सगळी माहिती त्याच्यासोबत जायची.

निजामाच्या राज्यात खरा बदल केला तो पहिल्या सालारजंगाने. १८५३ मध्ये तो दिवाण झाला तेव्हा तालुकेच्या तालुके गुत्त्याने दिलेले असायचे. आपल्याकडे ठेकेदाराला अजून 'गुत्तेदार' म्हणतात, तो शब्द त्याच व्यवहारातला. वसुली ज्याची, शिपाईही त्याचेच. अरब आणि रोहिल्यांच्या तुकड्या सावकारांसाठी वसुली करायच्या, कर्जदाराला डांबून ठेवायच्या. अशा ठिकाणी पोलीस म्हणजे ज्याच्याकडे हत्यार आहे तो. सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, पगारी अधिकारी नेमले आणि पोलिसांचं वेगळं खातं उभं राहायला लागलं. खात्याचं नाव मात्र 'कोतवाली'च राहिलं. जिल्ह्याला मोहतमीम, त्याच्या खाली अमीन, मग जमादार आणि जवान. माझ्या लहानपणी गावाकडची म्हातारी माणसं फौजदाराला 'अमीनसाब' म्हणायची.

आता हुकुमाचं बघ. निजामाच्या जिल्ह्यात पोलिसांचा प्रमुख मोहतमीम नव्हताच, तो होता अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा कलेक्टर. मोहतमीम त्याचा कार्यकारी हस्तक. ब्रिटिश मुलखात मुंबई शहराला तेव्हाच पोलीस आयुक्त होता. १८६४ साली फ्रँक सूटर त्या पदावर बसला आणि चोवीस वर्षं राहिला. म्हणजे मुंबईत आयुक्त आपल्या सहीने बंदोबस्ताचा हुकूम काढत होता, तेव्हा आमच्याकडे पोलिसाला कलेक्टरच्या दारात उभं राहावं लागत होतं. हे अंतर भरायला आम्हाला पुढे सव्वाशे वर्षं लागली.

खुद्द निजामाच्या राज्यातही राजधानी वेगळी आणि जिल्हे वेगळे. हैदराबादचा कोतवाल हे मोठं प्रस्थ होतं. राजा बहादूर वेंकटराम रेड्डी त्या पदावर चौदा वर्षं होते, १९२० ते १९३४. जिल्ह्यांसाठी १३२९ फसलीचा जिल्हा पोलीस कायदा आणि हैदराबाद शहरासाठी १३४८ फसलीचा शहर पोलीस कायदा, असे दोन कायदे झाले. फसली सालात ५९० मिळव, इसवी सन येतं: १९१९-२० आणि १९३८-३९. औरंगाबाद हे सुभ्याचं ठिकाण, तटबंदीचं, बावन्न दरवाजांचं म्हणून मिरवणारं, तरी ते पडलं जिल्हा कायद्यात.

त्यातही सगळा मुलूख एका पोलिसाचा नव्हता. मोठ्या जहागिऱ्यांचे आपापले पोलीस होते, निजामाच्या खासगीतला सर्फ-ए-खासचा भाग वेगळा. शहराच्या दाराशी ब्रिटिशांची छावणी होती. बारापुल्ला दरवाजातून निघून खाम नदी ओलांडली की राज्य बदलायचं, कायदा बदलायचा. चोराला नदी आडवी येत नाही, शिपायाला येते. 'हद्द' हा शब्द आमच्या खात्यात इतका खोल रुतलाय त्याची मुळं इथे आहेत. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, छावणीतही पुढे राज्याचंच पोलीस ठाणं आलं, पण हद्दीची सवय गेली नाही. माझ्याच नोकरीत दोन ठाण्यांच्या मधल्या नाल्यात एक बेवारस प्रेत सापडलं, आणि दोन्हीकडचे अंमलदार भर उन्हात टेप लावून बसले होते. ते प्रेत नाल्यात तीन तास तसंच होतं. त्या माणसाची बहीण संध्याकाळी ओळख पटवायला आली, तिला हे कळलं नाही, कळू नये म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. मला अजून त्याची लाज वाटते.

नोंदीच्या बाजूचा एक प्रसंग सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका दिवाणी दाव्यात कोर्टाने जुन्या ठाण्याचा रोजनामचा मागवला, १३४० च्या दशकातला, फसली. रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडाची बासनं कडीपाटापर्यंत रचलेली. वाळवीची माती झटकत आम्ही ते बासन काढलं, पण आत सगळं उर्दू, आणि तेही शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणात. मला अक्षर लागेना. मुख्यालयात एक जुने हवालदार होते, खुलताबादचे, शाळा उर्दूतून झालेली. त्यांना बोलावलं. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पान वाचायला घेतलं: अमक्या तारखेला, महिना बहमन, सकाळची हजेरी, जवान इतके, पैकी एक तापाने पडून. कैदी दोन, त्यांना भाकरी दिली. अमीनसाहेब पैठण रस्त्याला रवाना. दुपारी पाऊस. रात्री आमद, म्हणजे परत हजर. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, हे तर आपण काल लिहिलं तेच आहे की."

खरंच तेच होतं. रवाना, आमद, हजेरी, फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, जप्ती, तामील. लिपी बदलली, राज्य बदललं, साचा राहिला. त्या दिवसापासून मी स्टेशन डायरीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. पन्नास वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस हे पान उघडणार आहे, आणि त्याला त्या दिवशी पाऊस होता की नाही एवढंही कळलं पाहिजे, अशा हिशेबाने लिहायचं. हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी आधी डायरी लिहायला बसवत आलो, छापा-बिपा नंतर.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये निजामाच्या राज्यावर भारताची पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरची आठ-दहा वर्षं खात्याच्या दृष्टीने फार उलथापालथीची. आधीच्या दोन वर्षांत रझाकारांपुढे पोलीस एक तर गप्प बसला होता नाहीतर त्यांना सामील होता. लोकांचा खाकीवरचा भरवसा उडालेला. शेजारच्या प्रांतांमधून अधिकारी आणले गेले, जुन्यांपैकी काही गेले, काही राहिले. १ एप्रिल १९५१ पासून निजामाची स्वतःची दंडसंहिता बाजूला होऊन भारतीय दंडविधान लागू झालं. कलमांचे आकडे पाठ असलेल्या जमादाराला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेव्हा कामकाजाची भाषा, रजिस्टरं, हुद्द्यांची नावं, गणवेश सगळं पुन्हा बदललं, आणि मुंबई पोलीस कायदा, १९५१ इकडे आला. सात-आठ वर्षांत दोनदा कायदा, दोनदा भाषा. ज्या लोकांनी हे निभावलं त्यांच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलंय. त्यातले बरेचसे सातवी-आठवी शिकलेले हवालदार होते.

पुढची तीस वर्षं शहर वाढत गेलं आणि पोलीस जिथल्या तिथे. १९६१ च्या जनगणनेत शहर लाखाच्या आत होतं. त्याआधी १९५८ मध्ये विद्यापीठ झालेलं, मग रेल्वे स्टेशनजवळची आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, १९७२ च्या दुष्काळानंतर खेड्यांतून आलेली माणसं, सिडकोचे एन-वन, एन-टू असे सेक्टर, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ, १९८२ च्या डिसेंबरमध्ये महानगरपालिका, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना. १९८१ ला तीन लाखांच्या घरात असलेलं शहर १९९१ ला पावणेसहा लाखांवर गेलं. दहा वर्षांत जवळपास दुप्पट.

आणि एवढ्या शहराला अधीक्षक एक, तोही संपूर्ण जिल्ह्याचा. १९८१ पर्यंत जालनासुद्धा त्याच जिल्ह्यात होतं. सोयगावला दरोडा पडला की साहेब अजिंठ्याचा घाट उतरून तिकडे जायचे, वैजापूरला काही झालं की दुसऱ्या टोकाला. शहर उपअधीक्षकाच्या भरवशावर. गावाकडचा पोलीस आणि शहराचा पोलीस हे दोन वेगळे धंदे आहेत. खेड्यात पोलीस पाटील असतो, परका माणूस शिवारात दिसला की बातमी ठाण्यात येते. सिडकोच्या घरकुलात शेजारी कोण राहतो हेच लोकांना ठाऊक नसतं. तिथे माहिती चालत येत नाही, जाऊन आणावी लागते. आमची माणसं मात्र खेड्याच्या हिशेबाने नेमलेली.

मे १९८८ ची दंगल मी रस्त्यावरून पाहिली. महापालिकेची पहिली निवडणूक एप्रिलमध्ये झाली होती, १७ मे रोजी पेटलं. कोण चुकलं यात मी शिरत नाही, ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्यापुढे ती चर्चा हलकी वाटते. खात्याचं तेवढं सांगतो. शहरात आणि ग्रामीण भागात एकाच वेळी कुमक हवी होती आणि वाटून द्यायला माणसंच नव्हती. बाहेरून आलेल्या राखीव दलाच्या जवानांना गल्ल्या माहीत नव्हत्या. आमच्या ठाण्याला जीप एक. मी अकरा माणसं घेऊन एका चौकात उभा होतो. दोनशे पावलांवर धूर दिसत होता आणि तिकडे जायचा आतला रस्ता फक्त एका शिपायाला ठाऊक होता, कारण त्याचं लग्नापूर्वीचं घर त्या बोळात होतं. त्याच्या मागे गेलो म्हणून दोन घरांतली माणसं गच्चीवरून उतरवता आली. त्या शिपायाचं नाव कुठल्या अहवालात आलं नाही.

१९९१ मध्ये आयुक्तालय झालं त्यामागे असे अनुभव होते आणि वाढलेली लोकसंख्याही होती. आता तुझा मूळ प्रश्न: पाट्यांपलीकडे काय बदललं?

कायदा उघड. महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात तो हाच १९५१ चा. कलम ७ प्रमाणे सरकार एखाद्या क्षेत्रासाठी आयुक्त नेमू शकतं. एकदा नेमला की त्या क्षेत्रात जिल्हा दंडाधिकाऱ्याकडचे बरेच अधिकार त्याच्याकडे येतात. मिरवणुकीचे मार्ग, वाहतुकीचे नियम, करमणुकीच्या जागांचे परवाने यांचे नियम कलम ३३ खाली तो करतो. शस्त्रबंदी, जमावबंदी कलम ३७ खाली तो काढतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३, तेही त्याच्याकडे येतं, कारण त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले जातात. रात्री अकराला तणाव निर्माण झाला तर फाइल घेऊन कलेक्टरच्या बंगल्यावर जायचं, तहसीलदार शोधायचा, टायपिस्ट उठवायचा, हे संपलं.

सगळ्यात मोठा फरक मला तडीपारीत दिसला, तेव्हा त्यावर जरा थांबतो.

जिल्ह्यात टोळीची तडीपारी, कलम ५५, अधीक्षक करतो. पण एकट्या गुंडाची, कलम ५६ ची, प्रांताच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, कोर्टात जाते. प्रांताकडे महसुलाची शेकडो प्रकरणं. आमचा प्रस्ताव त्या ढिगात. तारखेला मी जायचो, साक्षीदार यायचा, कळायचं की साहेब दौऱ्यावर. साक्षीदार म्हणजे कोण, तर ज्याच्या टपरीतून तो गुंड फुकट खातो तो टपरीवाला. दोनदा तारीख वाया गेली की तिसऱ्यांदा तो येत नाही, कारण मधल्या काळात गुंडाने त्याला गाठलेलं असतं. सहा-सात महिन्यांनी आदेश निघायचा तेव्हा वस्तीने आशा सोडलेली असायची. आयुक्तालयात हेच काम उपायुक्त करतो. चौकशी सहायक आयुक्ताकडे, सुनावणी त्याच इमारतीत. महिना-दीड महिन्यात निकाल लागायला लागला.

पण यात धोका आहे आणि तो तुला परीक्षकासमोर सांगता आला पाहिजे. प्रस्ताव पाठवणारा पोलीस, चौकशी करणारा पोलीस, निर्णय देणारा पोलीस. एका माणसाला त्याच्या घरातून, बायकामुलांतून उठवून दोन वर्षांपर्यंत बाहेर काढायचं, ते कोर्टात गुन्हा शाबीत न होता. म्हणून कलम ५९ ची नोटीस आणि सुनावणी, म्हणून कलम ६० खाली सरकारकडे अपील. म्हणूनच उच्च न्यायालय असे आदेश वारंवार रद्दही करतं: जुनेपुराणे गुन्हे दाखवले, गुप्त जबाब पडताळले नाहीत, दोन वर्षं का हवीत याचं कारण दिलं नाही. माझा स्वतःचा एक प्रस्ताव असाच पडला. चार गुन्ह्यांपैकी दोन सात वर्षांपूर्वीचे होते, मी यादी लांब दिसावी म्हणून घातले होते. न्यायालयाने नेमकं तेच धरलं आणि बरोबर धरलं. त्यानंतर मी प्रत्येक गुप्त साक्षीदाराला स्वतः भेटल्याशिवाय सही केली नाही. अधिकार जवळ आला की हात सैल सुटतो. मुंबईला हे सांभाळायला सव्वाशे वर्षं मिळाली, आम्हाला एका रात्रीत मिळालं.

बाकीचे बदल थोडक्यात. शहर आणि ग्रामीण वेगळे झाले: माणसं, बंदुका, गाड्या, मुद्देमाल, अगदी कपाटंसुद्धा वाटली गेली. ज्यांची मुलं शहरातल्या शाळेत होती त्यांना शहर हवं होतं, ज्यांची शेती पैठणकडे त्यांना ग्रामीण. परिमंडळं, विभाग, ठाणी अशी उतरंड झाली. सिटी चौक, क्रांती चौक, छावणी, जिन्सी, बेगमपुरा ही जुन्या शहराची ठाणी. सिडको, मुकुंदवाडी, जवाहरनगर, सातारा, पुंडलिकनगर, वाळूज या नावांवरून शहर कुठल्या दिशेने पसरलं ते नकाशा न उघडता कळतं. गुन्हे शाखा, वाहतूक शाखा, विशेष शाखा स्वतंत्र झाल्या. सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आलं आणि ठाण्याचं वातावरण ज्याने खरोखर बदललं ते हे. मी लागलो तेव्हा महिला शिपाई मुख्यालयात चार-दोन, ठाण्यात आलेल्या बाईचा जबाब घ्यायला कुणाला तरी बोलवावं लागायचं आणि ती बाई तोवर बाकावर बसून राहायची, कधी उठून निघून जायची. आता ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर बाई बसलेली असते. दाराशी आलेली बाई सरळ आत येते.

साधनांविषयी बोलताना मला नेहमी पत्र्याचा डबा आठवतो. गस्तीच्या ठिकाणी, बँकेजवळ, सराफ्यात, एखाद्या देवळाच्या भिंतीला छोटा डबा ठोकलेला असे, आत वही. गस्तीचा शिपाई सायकलवर तिथे जाऊन वेळ टाकून सही करायचा. सकाळी मी त्या वह्या गोळा करून बघायचो. कुठल्या सह्या खऱ्या ते अक्षरावरून कळायचं. जानेवारीत रात्री तीन वाजता हातमोजा काढून केलेली सही तिरकी, तुटक असते, कधी शाई धरत नाही म्हणून दोनदा गिरवलेली. चार ठिकाणच्या चार सह्या एकाच वळणाच्या, एकाच दाबाच्या दिसल्या की समजायचं, चहाच्या गाड्यावर बसून झाल्या. आता डब्याच्या जागी क्यूआर कोड आलाय, शिपाई मोबाइलने स्कॅन करतो, वेळ आणि ठिकाण आपोआप चढतं. सोय झाली, वाद नाही. पण स्कॅन करून लगेच गाडी वळवणारा आणि उतरून शटरच्या कुलपाला हात लावून बघणारा, हे दोघे स्क्रीनवर सारखेच दिसतात. पर्यवेक्षण करणाऱ्याला आजही रात्री स्वतः फिरावं लागतं.

केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना १९६९-७० पासूनची आहे, तिच्यातून राज्यांना गाड्या, वायरलेस, हत्यारं मिळत गेली. २००९ ला मंजूर झालेल्या सीसीटीएनएस, म्हणजे गुन्हे आणि गुन्हेगारांच्या नोंदीच्या संगणकीय जाळ्याच्या, प्रकल्पाने ठाणी एकमेकांना जोडली. मी त्या बदलाच्या वेळी ठाणे प्रभारी होतो. हाताने गुन्हा लिहिणारे क्राईम रायटर, अक्षर मोत्यासारखं, ते कीबोर्डसमोर घामाघूम व्हायचे. पण जालन्यात दुचाकी चोरणारा आमच्याकडे सापडला आणि त्याचे तिथले गुन्हे पाच मिनिटांत पडद्यावर आले, तेव्हा तेच रायटर खुर्ची ओढून जवळ बसले. सालारजंगापासून जी हद्द आडवी येत होती ती नोंदीच्या बाजूने पहिल्यांदा मोडली. बोटांच्या ठशांचंही तसंच. कलकत्त्याला १८९७ मध्ये ब्युरो निघाला, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या लोकांनी वर्गीकरण बसवलं. तरी आमच्या काळात ठसा पाठवून उत्तर यायला आठवडे लागायचे. आता संगणक जुळवतो. शहरात स्मार्ट सिटीचे शेकडो कॅमेरे आहेत, ११२ वर फोन आला की जवळची गाडी पडद्यावर दिसते. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं आहे. ती तरतूद फार चांगली आहे. पण तेवढी माणसं प्रयोगशाळांत भरली पाहिजेत.

एक काम मात्र अर्धवट राहिलंय. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितलं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून करा. २०११ च्या जनगणनेत आमचं शहर पावणेबारा लाख. तरीही गणपती, नवरात्र, सभा, मोर्चे आले की तपासी फौजदार फाइल बंद करून बंदोबस्ताला जातो. दोषारोपपत्राची मुदत संपत आलेली, आरोपीला त्या कारणाने जामीन मिळणार हे दिसत असतं, आणि हा चौकात दोरी धरून उभा. घरफोडी झालेल्या माणसाला वाटतं पोलीस खाऊन बसले. त्याला कोण सांगणार की त्याचा तपासी अंमलदार चार दिवस घरी गेलेला नाही.

आता नांदेड. मराठवाड्यात आजही आयुक्तालय एकच आहे. नांदेडला १९९७ ला महानगरपालिका झाली, २०११ ला शहर साडेपाच लाखांचं होतं, म्हणजे आमचं शहर आयुक्तालय होताना जेवढं होतं जवळजवळ तेवढंच. वर सचखंड गुरुद्वारामुळे देशभरातून येणारा भाविक. आणि तिथला अधीक्षक किनवट-माहूरपासून देगलूर-मुखेडपर्यंत सोळा तालुके सांभाळतो, आमच्या अधीक्षकाची सोयगाव-वैजापूरची धावपळ मी सांगितली तीच गत. त्यामुळे मागणीत दम आहे. पण मुलाखतीत विचारलं तर "झालंच पाहिजे" म्हणून थांबू नकोस. आधी विचार की पदं नवी मंजूर होणार की जिल्ह्यातलीच माणसं दोन ताटांत वाढणार. ग्रामीणकडे उरलेल्या ठाण्यांचं काय होणार. पोलीस लाईनमधल्या खोल्या कोणाच्या वाट्याला जाणार. हद्दीची रेघ कुठून जाणार: ती वस्तीच्या मधोमध गेली तर नाल्यातल्या प्रेताची गोष्ट पुन्हा घडणार. आणि दंडाधिकाऱ्याचे अधिकार हाती येणाऱ्या सहायक आयुक्तांना सुनावणी कशी घ्यायची याचं प्रशिक्षण आधी देणार की नंतर.

कायद्याची कलमं ७, ३३, ३७ आणि ५५ ते ६० मूळ मराठी प्रतीत वाच, गाइडमध्ये नको. आणि एकदा तुझ्या भागातल्या ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराशेजारी दोन तास बस, परवानगी मागितलीस तर बसू देतात. संध्याकाळी सात ते नऊ जा. दिवसभराचे तक्रारदार त्याच वेळी येतात.